अबोल अवशेषांची बखर

इतिहास आपणांपर्यंत दोन वाटांनीं येतो. एक कोणी तरी सांगितलेला, आणि दुसरा कोणींच न सांगतां मागें उरलेला. पहिल्यासाठीं बखरी, ताम्रपट, पोथ्या आणि घरांतील वडील माणसें असतात. दुसऱ्यासाठीं पडक्या भिंती, फुटकीं खापरें आणि बुजलेल्या विहिरी असतात. पहिल्या वाटेवर आपण श्रोते असतों. दुसऱ्या वाटेवर साक्षीदाराची तपासणी आपणांसच करावी लागते, आणि साक्षीदार तर मुका असतो. ह्या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाचें एक नवलाचें उदाहरण ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें कोणत्याही पुराणवस्तुसंग्रहालयांत नाहीं. आपल्या घरांतील मुलें सायंकाळीं ज्या काचेच्या पाटीवर बोटें फिरवीत बसतात, त्या पाटींत तें आहे.

माइनक्राफ्ट हें नांव बहुतेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या कानांवरून गेलें असेल. परंतु 'वेळेचा अपव्यय' एवढाच त्याचा अर्थ करून आपण मोकळे होतों. स्वीडनमधील मार्कस पेर्सन ह्या गृहस्थांनीं हा खेळ मे २००९ मध्यें प्रथम लोकांपुढें ठेविला. त्याची पूर्ण आवृत्ति १८ नोव्हेंबर २०११ रोजीं निघाली. २०१४ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तो काढणारी मोजांग ही संस्था अडीच अब्ज डॉलरांस विकत घेतली, आणि २०२३ सालापर्यंत खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. ज्या गोष्टींत जगांतील इतकीं मुलें रमतात, तिच्या पोटांत काय आहे हें एकदां डोकावून पाहण्यास हरकत नसावी.

खेळाची मांडणी अगदीं साधी आहे. माती, दगड, लांकूड, पाणी, सारें काहीं एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचें. खेळाडू रिकाम्या हातांनीं ह्या ठोकळ्यांच्या जगांत उभा राहतो. त्याला कोणी कामगिरी सांगत नाहीं, कीं कथेची प्रस्तावना ऐकवीत नाहीं. झाड तोडावें, दगड फोडावा, घर बांधावें, आणि रात्रीं हिंडणाऱ्या भुताखेतांपासून जीव वांचवावा. तेथील अहोरात्र वीस मिनिटांचें. हें सगळें जग एका संख्येपासून उत्पन्न होतें आणि त्या संख्येला खेळांतील नांवही 'बीज' ह्याच अर्थाचें आहे. खेळाच्या एकाच आवृत्तींत तेंच बीज दोघांनीं पेरलें, तर दोघांच्याही घरीं तेच डोंगर, त्याच नद्या आणि तींच अरण्यें उगवतात. वडाच्या इवल्याशा बीजांत अवघा वृक्ष कसा राहतो, हा उपनिषदांतला दृष्टान्त वर्गांत समजावून देतांना आम्हांस बरेच श्रम पडत. आजच्या मुलांस तो एका वाक्यांत पटावा.

ह्या जगांत आपण एकटेच आलों, असें खेळाडूस प्रथम वाटतें. थोडें फिरल्यावर मात्र ध्यानांत येतें, कीं आपल्या आधीं येथें कोणी तरी नांदून गेलें आहे. जमिनीच्या पोटांत सोडून दिलेल्या खाणी लागतात. त्यांत लांकडाचे टेकू, तुटके रूळ आणि कोळिष्टकें. कोठें मालानें भरलेली एखादी गाडी तशीच उभी. वाळवंटांत वाळूच्या दगडांचें एक मंदिर दिसतें. त्याच्या फरशीखालीं विहिरीसारखी खोल जागा असून तिच्या तळाशीं चार पेट्या ठेवलेल्या असतात. मध्यें एक फळी आहे. तिच्यावर पाय पडला, कीं खालीं पुरलेले नऊ सुरुंग उडतात. समुद्राच्या तळाशीं एक वाडा आहे आणि त्याच्या गाभ्यांत सोन्याचे आठ ठोकळे काळसर दगडांत चिणून ठेवलेले आहेत. खेळांत गांवें आहेत, गांवकरीही आहेत. पण ते आपली शेतीभाती आणि देवघेव करणारे लोक. त्यांची भाषा म्हणजे नाकांतून काढलेला हुंकार. त्यांना विचारून काहीं कळत नाहीं. खाणी कोणीं खणल्या, मंदिर कोणीं बांधलें, चोरांसाठीं सुरुंग कोणीं पुरले, ह्याविषयीं एक शिलालेख नाहीं, एक वंशावळ नाहीं. जें आहे, तें केवळ अवशेषांच्या रूपानें आहे.

ह्यांतील सर्वांत बोलकें स्थळ २०२२ सालच्या जून महिन्यांतील आवृत्तींत आलें. जमिनीच्या अगदीं खोल थरांत, जेथें सूर्याचा किरणही पोंचत नाहीं, तेथें एक प्राचीन नगरी ओसाड पडली आहे. तिच्या परिसरांत वॉर्डन नांवाचा एक महाकाय राक्षस जमिनींतून वर येतो. हा राक्षस आंधळा आहे. पण पावलांचा कंप त्याला तत्काळ कळतो आणि वासावरूनही तो माग काढतो. नगरीभर एक गडद निळी बुरशीसारखी वस्तु पसरली आहे. तिच्यावरील कांहीं भाग आवाज टिपतात आणि कांहीं किंकाळी फोडून राक्षसाला बोलावितात. आतां गंमत पाहा. ह्याच नगरींत ठिकठिकाणीं लोंकरीचे ठोकळे आणि गालिचे अंथरलेले सांपडतात, आणि लोंकरीवरून चालल्यास पावलांचा कंप उमटत नाहीं, हा त्या जगाचा नियम आहे.

लहान मुलगा आधीं ह्या गालिचांवरून नुसता धांवतो. मग एके दिवशीं तो थांबतो आणि त्याच्या मनांत येतें, कीं ही शोभा नव्हे. येथें राहणारी माणसें चोरपावलांनीं चालत होतीं. त्यांना राक्षस ठाऊक होता. त्याच्या भयाच्या छायेंत त्यांनीं संसार केले. नगरीच्या मध्यभागाखालीं एक गुप्त खोली आहे. तींत खेळांतल्या विजेसारख्या भुकटीवर चालणारीं यंत्रें मांडून ठेवलेलीं आढळतात. म्हणजे ते लोक अभ्यासूही असावेत. आणि मध्यभागीं, कोणत्याही हत्यारानें जिची खपली काढून घरीं नेतां येत नाहीं अशा दगडाची एक प्रचंड चौकट उभी आहे. ती दाराची चौकट दिसते. पण दार कोठें उघडत होतें, हें खेळ सांगत नाहीं.

नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ध्वनीचें तत्त्व मांडलें, तें आमच्या संस्कृत वाचणाऱ्या वाचकांस परिचित आहेच. शब्दांनीं जें सांगितलें जातें त्याहून, जें सुचविलें जातें तें काव्याचा आत्मा होय, असा त्याचा सिद्धान्त. 'येथें भय नांदत होतें' अशी पाटी त्या नगरींत कोणीं लाविली असती, तर मुलांनीं ती वाचून विसरली असती. गालिचा मात्र तीं विसरत नाहींत. कारण त्याचा अर्थ त्यांनीं स्वतः काढलेला असतो.

परंतु अर्थ काढण्याच्या ह्या आनंदाला एक धोका चिकटलेला आहे, आणि खरें सांगावयाचें तें ह्याविषयींच. अर्थ सांपडूं लागले, कीं मनाला थांबवत नाहीं. ह्या सर्व अवशेषांची मिळून एक सलग कथा रचण्याचे प्रयत्न खेळाडूंनीं केले आहेत. अमेरिकेतील मॅथ्यू पॅट्रिक ह्यांच्यासारख्या विवेचकांनीं लोकप्रिय केलेली 'प्राचीन निर्मात्यांची' उपपत्ति त्यांपैकीं विशेष प्रसिद्ध आहे. तिचें सार असें : पूर्वीं एक बुद्धिमान जमात होती, तिनें मंदिरें, खाणी व किल्ले बांधले, कांहीं संकटामुळें ती किल्ल्यांतील दारांतून 'एन्ड' नांवाच्या अंतराळासारख्या दूरच्या लोकीं पळाली, तेथें परतीची वाट एका प्रचंड सर्पपक्ष्याच्या, म्हणजे ड्रॅगनच्या, मृत्यूवांचून उघडत नसल्यामुळें ती अडकून पडली, तेथें उगवणारें कोरस नांवाचें एकच फळ खाऊन ती जगली, आणि हळूहळू त्या लोकींच्या उंच, काळ्या 'एन्डरमन' प्राण्यांत तिचें रूपांतर झालें.

पुरावा काय? एन्डरमन हातांत मातीचा ठोकळा घेऊन हिंडतो. जणूं बांधकामाची जुनी खोड त्याला सुटलेली नाहीं. तो क्षणांत एका जागेवरून दुसऱ्या जागीं प्रकट होतो, आणि कोरसचें फळ खाणाराही तसाच अकस्मात् दुसरीकडे जाऊन पडतो. त्या लोकीं २०१६ सालापासून उंच मनोऱ्यांचीं नगरें आणि तरंगणारीं जहाजें सांपडतात, म्हणजे तेथेंही बांधणारे हात होते. कथा सुंदर आहे, ह्यांत शंका नाहीं. पण सुंदर कथा आणि सिद्ध झालेली कथा ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत.

तर्कशास्त्राचा पहिला पाठ येथें आठवावा. डोंगरावर धूर दिसला म्हणजे अग्नीचें अनुमान करतां येतें; कारण जेथें धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति अबाधित आहे. उलट, अग्नीवरून धुराचें अनुमान करतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. आतां फळाकडे वळूं. तें फळ खेळाडू स्वतःही खातो, तोही जागा बदलतो. पण तो कांहीं एन्डरमन होत नाहीं. 'पिढ्यान्‌पिढ्या खाल्लें तर होईल', असें कोणी म्हणेल. म्हणूं द्यावें, पण हें वाक्य अवशेषांनीं सांगितलेलें नाहीं, तें सांगणाऱ्यानें आपल्या पदरचें घातलें आहे. गालिचाचें अनुमान आणि फळाचें अनुमान ह्यांत हा भेद आहे. गालिचाच्या मागें त्या जगाचा एक नियम उभा आहे. फळाच्या मागें केवळ साम्य उभें आहे.

आणखी एक उदाहरण घेऊं. २०२० सालच्या आवृत्तींत जगभर ठिकठिकाणीं मोडकीं दारें आलीं. काळ्या काचेसारख्या दगडाची अर्धवट चौकट, तिच्या भोंवतीं 'नेदर' ह्या पाताळांतील लाल दगड पसरलेला, जवळ सोन्याचा ठोकळा आणि सोन्याच्या वस्तूंची पेटी. नेदरमध्यें पिग्लिन नांवाचे वराहमुख लोक राहतात आणि त्यांना सोन्याचा अतोनात लोभ आहे. तेव्हां हीं दारें पिग्लिनांनीं बांधलीं, असें झटकन् वाटतें. पण पिग्लिन वरच्या जगांत आला, कीं १५ सेकंदांत त्याचें प्रेत होऊन तें चालूं लागतें. मग वर येऊन बांधकाम करणार कोण? दुसरा पक्ष असा, कीं अंगावर सोन्याचें चिलखत घालणाऱ्यावर पिग्लिन हल्ला करीत नाहींत, आणि सोनें दिल्यास मालाची अदलाबदलही करितात. म्हणून वरून खालीं जाणाऱ्या प्रवाशांनीं तें सोनें दारापाशीं सांठविलें असावें. दुसरा पक्ष अधिक बळकट दिसतो. तरी सिद्ध तोही होत नाहीं. दोन्ही पक्ष मांडून, बलाबल पाहून, निर्णय राखून ठेवणें हें पूर्वीं शास्त्रसभेंत शिकावयाचें काम होतें. तें येथें दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं येऊन पडलें आहे.

अनुमानाखेरीज माहितीचा आणखी एक मार्ग आपल्या शास्त्रकारांनीं नोंदविला आहे. त्यास ऐतिह्य म्हणतात. मूळ सांगणारा कोण तें कोणासच माहीत नाहीं, पण पिढ्यान्‌पिढ्या लोक सांगत आले आहेत, असें तें ज्ञान. त्याचें ठरीव उदाहरण म्हणजे, 'ह्या वडावर यक्ष राहतो.' पौराणिकांनीं ऐतिह्यास स्वतंत्र प्रमाण मानिलें. नैयायिकांनीं मानिलें नाहीं. सांगणारा विश्वासार्ह आहे असें ठरल्यास तें शब्दप्रमाणांतच येतें, आणि सांगणाराच अज्ञात असेल तर तें प्रमाणच नव्हे, असा त्यांचा पक्ष.

ह्या ठोकळ्यांच्या जगांतही एक यक्ष आहे. त्याचें नांव हेरोब्राइन. २०१० सालीं कोणा अज्ञात मनुष्यानें एक चित्र आणि त्यासोबत एक हकीकत प्रसिद्ध केली. धुक्यांत एक आकृति उभी आहे, रूप खेळाडूसारखेंच, पण डोळे पांढरे आणि रिकामे. पुढें बातमीला फांटे फुटले, कीं हा खेळाच्या कर्त्याचा मृत भाऊ होय. कर्त्यानें आपणांस असा भाऊच नव्हता, म्हणून सांगितलें. पण बातमी थांबली नाहीं. मुलांना तो अंधाऱ्या बोगद्यांतून दिसूं लागला. पुढें मोजांगच्या मंडळींनीं विनोदानें कित्येक नव्या आवृत्त्यांच्या बदलांच्या यादींत 'हेरोब्राइनला काढून टाकलें' अशी ओळ घालण्याचा प्रघात पाडला. जो कधीं नव्हताच, त्याला वारंवार काढून टाकण्यांत आलें! आणि ती ओळ वाचून कित्येक मुलांची समजूत उलट पक्की झाली, कीं काढला म्हणजे होताच.

ह्या यक्षाचा शोध शेवटीं कसा लागला, तें ऐकण्याजोगें आहे. जगभरच्या हौशी खेळाडूंनीं आपापल्या घरचे संगणक रिकाम्या वेळीं एकत्र जुंपून, चित्रांतील लहानसहान खुणांवरून त्या जगाचें मूळ बीज शोधण्याचा उद्योग आरंभिला. खेळाच्या आरंभीं दिसणाऱ्या देखाव्याचें बीज त्यांनीं २०२० सालीं काढलें, आणि त्या हेरोब्राइनच्या चित्राचें बीज २०२१ सालीं. तेंच जग पुन्हां उगवलें. तीच टेकडी, तींच झाडें समोर आलीं. जागा मिळाली, यक्ष मिळाला नाहीं. 'भुतें नसतात' असें दहा वेळां दटावून सांगण्यापेक्षां, तो वड शोधून मुलाला त्याच्या खालीं उभें करणें केव्हांही अधिक गुणकारी.

जून २०२३ च्या आवृत्तींत खेळाच्या कर्त्यांनीं ह्याच दिशेनें आणखी एक पाऊल टाकिलें. मातींत गाडलेल्या वस्त्यांचे अवशेष आले आणि उत्खननासाठीं एक साधा कुंचला आला. कांहीं वाळूचे व खडीचे ठोकळे किंचित् निराळे दिसतात. त्यांवर हळूहळू कुंचला फिरविल्यास आंतून जुनी वस्तु वर येते. कधीं तें चित्र काढलेलें खापर असतें. अशा खापरांचे प्रथम वीस प्रकार ठेवण्यांत आले, आणि चार खापरें जुळविलीं म्हणजे एक रांजण उभा राहतो. पण त्याच ठोकळ्यावर उतावीळपणानें फावडें मारलें, तर आंतील वस्तु कायमची नष्ट होते. घाई करणाऱ्यास दंड सांगितलेला नाहीं, ओरडाही नाहीं. फक्त पुरावा नाहींसा होतो, आणि काय गेलें हें त्याला कधींच कळत नाहीं.

इतका वेळ मौन धरलेला हा खेळ अखेरीस एकदां बोलतो. ड्रॅगन पडल्यावर परतीच्या दारांत पाऊल ठेवलें, कीं आयरिश लेखक ज्युलियन गॉफ ह्यांनीं २०११ सालीं लिहिलेलें एक काव्यमय गद्य कित्येक मिनिटें डोळ्यांपुढून सरकत राहतें. हें लेखन गॉफ ह्यांनीं डिसेंबर २०२२ मध्यें सर्वांच्या मालकीचें म्हणून मोकळें केलें. त्यांत दोन अनामिक वाणी खेळाडूविषयीं आपसांत बोलतात. तो खेळतो आहे, तो स्वप्न पाहतो आहे, आणि आपण त्याला पाहत आहों. मुंडकोपनिषदांत एकाच झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत, एक फळ खाणारा आणि दुसरा नुसता पाहणारा, त्यांची आठवण आमच्यासारख्या वाचकास झाल्यावांचून राहत नाहीं. मात्र आश्चर्य असें, कीं इतकें बोलूनही त्या वाणी निर्मात्यांविषयीं, नगरीविषयीं, दारांविषयीं अवाक्षर काढीत नाहींत. इतिहासाची किल्ली मिळेल म्हणून शेवटपर्यंत आलेल्या मुलाला किल्ली मिळत नाहीं.

येथें एखादा चोखंदळ वाचक विचारील, कीं हे अवशेष तरी खरे कोठें आहेत? ती नगरी कधीं नांदतीच नव्हती. ती जन्मतःच पडकी म्हणून घडविलेली. ज्या इतिहासाला भूतकाळच नाहीं, त्याचा अभ्यास कसला? आक्षेप रास्त आहे. त्यावर एका जुन्या शिक्षकाचें उत्तर असें, कीं एका नळानें चार तासांत भरणारा आणि दुसऱ्यानें सहा तासांत रिकामा होणारा हौद अंकगणिताच्या पुस्तकाबाहेर आम्हीं कोठेंही पाहिला नाहीं. पण त्या हौदावर शिकलेलें गणित खऱ्या व्यवहारांत जन्मभर उपयोगीं पडलें. हौद कल्पित असतो, रीत खरी असते. फरक इतकाच, कीं हौदाच्या गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असे आणि ह्या खेळाला शेवटचें पान नाहीं. म्हणून येथें मुलाला 'येथपर्यंत कळतें, पुढें कळत नाहीं' हें वाक्य उच्चारण्यास शिकावें लागतें. तें वाक्य आम्ही शाळेंत फारसें शिकविलें नाहीं. परीक्षेंत त्याला गुण नव्हते.

आणि हें वाक्य आज केवळ मुलांच्याच कामाचें आहे, असें नाहीं. सकाळीं कुटुंबाच्या व्हॉट्सॅप समूहांत काय येतें, तें पाहावें. अमुक पानाच्या रसानें मधुमेह समूळ जातो. युनेस्कोनें आपलें राष्ट्रगीत जगांत सर्वश्रेष्ठ ठरविलें. ही दुसरी बातमी साफ खोटी असूनही कित्येक वर्षें घरोघर फिरत आहे. सांगणारा कोण, तें ठाऊक नाहीं. कोणी तरी पुढें धाडलें, म्हणून आपणही धाडलें. वडावरचा यक्षच हा, फक्त त्यानें वड सोडून आपल्या खिशांत बिऱ्हाड केलें आहे. आणि त्याला पोसण्यांत मुलांपेक्षां आम्ही पांढऱ्या केसांचीं माणसेंच अधिक तत्पर आहों, असें कोणत्याही घरांतील नातवंडें सांगतील.

तेव्हां वडील मंडळींस एक सूचना करावीशी वाटते. खेळाची वेळ बांधून द्यावयाची ती अवश्य द्यावी. अभ्यास, मैदान आणि झोप ह्यांचा हक्क पहिला. पण त्या नेमल्या वेळांतून एखाद्या दिवशीं पांच मिनिटें मुलाशेजारीं बसावें आणि त्या पडक्या नगरीकडे बोट दाखवून विचारावें, 'येथें कोण राहत होतें?' तो काहीं तरी सांगेल. मग हलकेंच म्हणावें, 'कशावरून?' तो गालिचा दाखवील, दार दाखवील, फळ दाखवील; आणि दाखवितां दाखवितां कोणती गोष्ट पाहिलेली, कोणती ताडलेली आणि कोणती नुसती ऐकलेली, ह्याची निवड त्याची त्यालाच करावी लागेल. मात्र एक गोष्ट आधींच ध्यानांत ठेवावी. हा प्रश्न एकदां घरांत शिरला, म्हणजे तो वडीलधाऱ्यांपाशीं थबकत नाहीं. उद्यां सकाळीं त्या पानाच्या रसाची वार्ता आपण मोठ्यानें वाचून दाखवूं, तेव्हां पाटावरून तेंच पोर मान वर करून विचारील, 'आजोबा, कशावरून?' त्या वेळीं रागावूं नये. त्याला उत्तर द्यावें. आणि उत्तर नसेल, तर ती वार्ता पुढें धाडूं नये.